तारापोरवाला बंद आहे, मग लहानग्यांना मासे कुठे दाखवायचे?

मुंबईतल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांपासून सगळ्यांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. 1951 साली सुरू झालेलं हे मत्स्यालय कोविडच्या काळात बंद झालं, ते बंदच आहे. ज्यांच्या घरात दोन ते सात वर्षांचं मूल आहे, ते विचारतात की आता जायचं कुठे. सगळ्यात मोठं मत्स्यालय कुठलं, यावरून ठरवू नका. मुलाचं वय काय आणि ते कशाला घाबरतं, यावरून ठरवा.

अहमदाबाद, सायन्स सिटी

इथलं जलचर दालन 2021 मध्ये खुलं झालं. 68 टाक्या आहेत आणि 28 मीटर लांबीचा बोगदा आहे. त्यात उभं राहिलं की शार्क डोक्यावरून जातो. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला हे दाखवाच. त्या वयात मूल प्रश्न विचारतं, पाट्या वाचायला लावतं, शार्क बाकीच्या माशांना खात का नाही यावरून हुज्जत घालतं.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाचं मात्र इथे हाल होतात. आत अंधार, गर्दीचा आवाज घुमतो आणि डोक्यावर अचानक भलंमोठं काहीतरी हलतं. अशा वेळी मूल कडेवरून उतरत नाही. शिवाय मुंबई सेंट्रलहून वंदे भारत पकडली तरी एका बाजूला साडेपाच तासांच्या आसपास लागतात, म्हणजे मुक्काम आलाच. सायन्स सिटीचं आवार अवाढव्य आहे आणि दालनाचं तिकीट प्रवेशाच्या तिकिटाहून वेगळं. सकाळी दार उघडताच आधी मासे बघा, बाकीचं नंतर. सोमवारी बंद असतं. एप्रिल-मेमध्ये लहान मूल घेऊन तिकडे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रत्नागिरीचं मत्स्यालय

कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं हे छोटं मत्स्यालय आणि संग्रहालय. बोगदा नाही, झगमगाट नाही. तरीही चारच्या आतलं मूल असेल तर मी अहमदाबाद सोडून इथेच पाठवेन. लहान मुलाला शंभर मासे नको असतात, एकच मासा मनसोक्त बघायचा असतो. इथे ते एका टाकीपाशी दहा मिनिटं थांबलं तरी मागून कुणी ढकलत नाही. संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, तो बघून मोठी भावंडंही गप्प होतात.

खरी गंमत मात्र पुढे आहे. मिरकरवाडा बंदर रत्नागिरीतच आहे. होड्या लागल्यावर तिथे बांगडे, सुरमई, कोळंबीचे ढीग उतरतात, लिलाव होतात. टाकीत पोहणारा मासा आणि ताटातला मासा यांच्यामधला दुवा मुलाला तिथे दिसतो. काही मुलं त्या दिवशी मासे खायला नकार देतात, तेव्हा जबरदस्ती करू नका. फक्त मत्स्यालयासाठी एवढा प्रवास करायला मी सांगणार नाही, पण गणपतीपुळे किंवा गावी जाताना अर्धा दिवस इथे जरूर काढा.

राणीची बाग

हे मत्स्यालय नव्हे, पण भायखळ्याला हम्बोल्ट पेंग्विन काचेपलीकडे पोहताना दिसतात. अगदी लहानग्यांसाठी, एका सकाळीपुरतं, स्वस्त आणि पुरेसं. बुधवारी बंद असते. रविवारची रांग मुलांना झेपत नाही.

ओहोटीचा किनारा

हा पर्याय फार थोडे जण विचारात घेतात. हाजी अली, गिरगाव, कार्टर रोड इथल्या खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), गोगलगायी दिसतात, नशीब असेल तर छोटा ऑक्टोपसही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट 2017 पासून अशा किनारफेऱ्या काढतो. पहिल्यांदा त्यांच्यासोबतच जा, कारण कुठे बघायचं हे कळायला सरावलेले डोळे लागतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत खाली उतरतंही. मुंबईत त्या दिवशी ओहोटी साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा. म्हणून अमावास्येनंतरच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मुलांना सोयीची. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र बघूनच निघा.

इथे काच नाही, म्हणून सहाच्या आतल्या मुलाला नेऊ नका. आणि ज्या मुलाला 'हात लावायचा नाही' हे ऐकता येत नाही, त्यालाही नको. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख विषारी असू शकतो. वाळूत पाकट दबा धरून असतं, त्याच्या शेपटीचा काटा मोठ्या माणसालाही रडवतो. पावसाळ्यात निळ्या फुग्यांसारखे डंख करणारे जीव किनाऱ्याला लागतात, ते दिवस टाळाच. पाय झाकणारे, न घसरणारे बूट हवेत, चप्पल चालणार नाही. दगड उलटला तर तो होता तसा परत ठेवायला लावा, त्याच्या खाली कुणाचं तरी घर असतं.

पाणी सर्वांत खाली जाण्याआधी तासभर उतरा. पाणी वळलं की लगेच बाहेर या, मूल कितीही रडलं तरी.