याशिका, रोलिकॉर्ड की मामिया? गोव्यात जुना टीएलआर घेताना

जुना ट्विन लेन्स रिफ्लेक्स (टीएलआर, म्हणजे वर बघायचं आणि खाली फोटोचं अशी दोन भिंगं असलेला फिल्म कॅमेरा) घ्यायचं मनात आलं की शोध फिरून फिरून तीन नावांवर येतो: याशिका मॅट 124जी, रोलिकॉर्ड व्हीबी आणि मामिया सी330. तिन्ही 120 फिल्मच्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटीमीटरचे बारा फोटो देतात. तिन्हींचं शटर भिंगातच बसवलेलं, कमाल वेग 1/500 सेकंद, आणि आवाज जेमतेम टिक् एवढाच. कागदावर फरक थोडाच दिसतो. पण कॅमेरा गोव्यात राहणार असेल, तर माझ्या मते आधी भिंग बघावं आणि मग मॉडेल. फंगस धरलेल्या महागड्या रोलिफ्लेक्सपेक्षा स्वच्छ भिंगाचा साधा याशिका डी केव्हाही बरा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे चपलांना, पुस्तकांना, कपाटातल्या पट्ट्यांना बुरशी येते. ती भिंगाला का सोडेल? आणि कॅमेऱ्याबरोबर हौसेने मागून घेतलेलं चामड्याचं मूळ कव्हर म्हणजे तर बुरशीचं माहेरघर. ते शोकेसमध्ये ठेवा. कॅमेरा मात्र हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि जेल मधूनमधून तापवून कोरडं करत जा.

विकत घेताना भिंग असं तपासा. मागचं झाकण उघडा, डायाफ्राम (भिंगातलं लहानमोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडा, शटर ‘बी’वर (चाप दाबलेला असेतोवर ते उघडं राहतं) ठेवून चाप दाबून धरा आणि पुढून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. कडेकडून आत सरकणारे बारीक धागे दिसले तर फंगस. सगळीकडे एकसारखा दुधट थर दिसला तर धुरकटपणा. वरचं भिंग फक्त बघण्यासाठी असतं. त्यात थोडी फंगस असेल तर फोटोत काही उतरत नाही, किंमत कमी करून घ्यायला तेवढी कामी येते. खालच्या भिंगात मात्र तडजोड नको. फंगस पुसली तरी तिने काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर ते काही परत येत नाही.

आता कॅमेऱ्यांकडे येऊ. 124जी 1970 ते 1986 या काळात निघाला. त्यामुळे तिघांत तोच जास्त सापडतो आणि पहिल्यांदा हात बसायलाही तोच सोपा. उजवीकडचं हँडल फिरवलं की फिल्म पुढे जाते आणि शटरही चढतं. त्याचं 80 एमएमचं याशिनॉन भिंग पूर्ण उघडं, म्हणजे एफ/3.5ला, कडांना मऊ पडतं, पण छिद्र लहान करून एफ/8ला त्याला नाव ठेवायला जागा नाही. खरी गोम उजेड मोजणाऱ्या मीटरची आहे. लोक जास्त पैसे मोजतात ते त्याच्यासाठी, आणि तोच भाग सगळ्यात बेभरवशाचा. तो बनला 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी, जे आता मिळत नाहीत. फार्मसीत मिळणारा श्रवणयंत्राचा 675 नंबरचा झिंक-एअर सेल एक रिंग घालून बसतो आणि बऱ्यापैकी बरोबर वाचतो, पण सील काढला की काही आठवड्यांत संपतो. त्यापेक्षा मोबाईलवरचं मीटर वापरा आणि मीटर नसलेला नुसता याशिका मॅट बघा, शक्यतो याशिनॉन भिंगाचा. हँडल तेच, किंमत कमी.

रोलिकॉर्ड ब्राउनश्वाइगच्या फ्रांके अँड हायडेके कंपनीचा, म्हणजे रोलिफ्लेक्सचाच धाकटा भाऊ. हँडलऐवजी नॉब, आणि शटर वेगळं चढवायचं. भिंगाखालची छोटी दांडी एका बाजूला सरकवली की चढतं, उलट सरकवली की फोटो निघतो. शिगम्याच्या मिरवणुकीतलं रोमटामेळ अंगावर येत असताना ही दांडी जीव खाते. पणजीतल्या फोंतेंयशच्या गल्लीत, दिवाडच्या नि चोडणच्या फेरीबोटीत किंवा घरापुढच्या बाल्कांवात बसलेल्या आजोबांसमोर मात्र तिचा काही त्रास नाही. दातेरी चाकं कमी, म्हणून बिघडण्यासारखंही कमी. तिघांत सगळ्यात हलका हाच, आणि श्नायडरचं 75 एमएम क्सेनार मला याशिनॉनपेक्षा किंचित जास्त आवडतं. दिवसभर पायी भटकणाऱ्याने हाच घ्यावा.

मामियाची जातच वेगळी. 80 एमएमच्या भिंगासह तो पावणेदोन किलोच्या आसपास जातो. गळ्यात अडकवून म्हापशाचा शुक्रवारचा बाजार फिरलात तर संध्याकाळी मान सांगेल. बदल्यात मिळतं ते बाकीच्या दोघांकडे नाही: 55 ते 250 एमएमपर्यंत बदलता येणारी भिंगं आणि भात्याचं, म्हणजे भिंग पुढेमागे सरकवणाऱ्या घडीच्या नळीचं, फोकसिंग. याशिका नि रोलिकॉर्ड साधारण मीटरभरावर थांबतात. मामियाने चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची रानफळांची चौकट) बांधण्याआधी सुपात मांडलेली कांगलां, म्हणजे त्यातलीच रानफळं, पार जवळून टिपता येतात. मात्र एवढ्या जवळून बघायचं भिंग एक दाखवतं आणि फोटोचं भिंग दुसरंच घेतं, शिवाय एक्स्पोजरही, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, वाढवावं लागतं. ट्रायपॉड आणि सबुरी दोन्ही असतील तरच याच्या वाटेला जा. घेताना अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावून भोकं आहेत का ते बघा.

उजेडाचं गणित तिन्हींना सारखंच लागू. मे महिन्यात मिरामारच्या किनाऱ्यावर भर दुपारी 400ची (कमी उजेडातही चालणारी, जास्त संवेदनशील) फिल्म घातली तर 1/500 आणि एफ/16ला अडकाल. मागचं धूसर करायचा विचारच सोडा. किनाऱ्यासाठी 100ची फिल्म घ्या. 400ची पावसाळ्यात आणि देवळाच्या मंडपात लागते. तिथे मामियाचं एफ/2.8 अर्ध्या स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्त उजेड देतं, पण त्या वजनाच्या मानाने तो फायदा मला फारसा वाटत नाही. फ्रिजमधली फिल्म बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच वेष्टन फोडा. आपल्या हवेत घाई केली तर फिल्मवर दव धरतं.

आणखी एक चाचणी, तिन्हींसाठी. शटर एक सेकंदावर लावून ऐका. जुनं ग्रीस घट्ट झालं असेल तर ते रेंगाळतं किंवा मध्येच अडतं. 1/125ला सगळं ठीक वाटतं म्हणून विक्रेते तेवढंच दाखवतात. रेंगाळणारं शटर दुरुस्त होतं, पण त्याचा खर्च किंमत ठरवतानाच धरा.

ऑनलाइन घेतलात तर पहिला रोल समुद्रावर वाया घालवू नका. घरातल्याच कोणाला खिडकीसमोर बसवा, उजेड पाठीमागून येऊ द्या आणि एफ/3.5पासून एफ/11पर्यंत काढा. धुरकट भिंगाचा काळा रंग तिथे राखाडी पडतो. रंगीत रोल लॅबला कुरियरने पाठवून निकाल येईपर्यंत परत करायची मुदत उलटून जाईल, तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट घालून घरीच धुवा. आपल्या नळाचं पाणी उन्हाळ्यात 20 अंशांच्या बरंच वर असतं, म्हणून डेव्हलपरची (फिल्म धुवायच्या रसायनाची) बाटली आधी बर्फाच्या पाण्यात ठेवायची.