‘ईसीएम गेला’ म्हणून ५५,५०० रुपये घेतले आणि आमचाच जुना ईसीएम परत बसवला

बीएस-४ या प्रदूषण नियमाची डिझेल पिकअप असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. गाडी चालू होत नाही, स्कॅनर लागत नाही, म्हणजे ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) मेला, असं सांगून आमच्याकडून घेतलेले पैसे असे: ‘नवीन ओरिजिनल’ ईसीएम ५०,००० रुपये, त्यातून जुना ईसीएम एक्स्चेंजमध्ये दिला म्हणून ४,००० कमी, म्हणजे ४६,०००. प्रोग्रॅमिंग ५,५००. स्कॅनिंग १,२००. टोइंग २,८००. एकूण ५५,५०० रुपये. पक्कं बिल नाही, वहीतलं फाडलेलं एक पान. खरा दोष होता अर्थिंगच्या एका थिंबलमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीत. तो दुरुस्त करायला नंतर ४५० रुपये लागले.

गाडी २०१८ची. एप्रिल २०१७पासून बीएस-४ देशभर सक्तीचं झालं आणि एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं. त्या मधल्या गाड्यांची वॉरंटी कधीच संपली आहे. कंपनीच्या वर्कशॉपला जायला लोक खर्चाला भितात, गल्लीतल्या मेकॅनिकला स्कॅनर झेपत नाही. या मधल्या जागेत हे ‘ईसीएम स्पेशालिस्ट’ बसले आहेत आणि त्यांना ते पक्कं माहीत आहे.

लक्षण साधं होतं. पावसात गाडी मध्येच बंद पडायची. सेल्फ फिरायचा, इंजिन घ्यायचं नाही. थोड्या वेळाने काहीच न करता पुन्हा चालू. आणि बिघडायची तेव्हा चावी ऑन केल्यावर मीटरवरची इंजिन चेकची लाईटच पेटायची नाही.

ही लाईट लक्षात ठेवा. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी ती पेटलीच पाहिजे. पेटली नाही, तर बल्ब किंवा मीटर सोडता अर्थ एकच: ईसीएम जागा झालेला नाही. आणि जागा न होण्याचं पहिलं कारण म्हणजे त्याला करंट मिळत नाही किंवा अर्थ मिळत नाही. फ्यूज, मेन रिले, अर्थिंग, कपलरमधली (वायरच्या जोडणीतली) पिन हे सगळं तपासून झालं की मग ईसीएमवर संशय घ्यायचा.

आम्ही बोलावलेल्या अशाच एका ‘स्पेशालिस्ट’ने स्कॅनर लावला, पडद्यावर ‘कम्युनिकेशन फेल’ आलं, आणि तो म्हणाला, “पात्रांव, ईसीएम उडला.” मल्टिमीटर पेटीतून बाहेरसुद्धा काढला नाही. फ्यूजचा डबा उघडला नाही. कुठल्याही इलेक्ट्रिशियनने तिथेच थांबवायला हवं होतं, कारण मीटर न लावता ईसीएम मेल्याचं सांगता येतच नाही. स्कॅनर लागत नाही याचा अर्थ एवढाच की स्कॅनरला उत्तर आलं नाही. स्कॅनरच्या सॉकेटची १६ नंबरची पिन बॅटरीची, ४ आणि ५ अर्थच्या, ६ आणि १४ कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या लाईनच्या. बॅटरी काढून ६ आणि १४मध्ये साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर लाईन कुठेतरी तुटली आहे. हे बघायला किती वेळ लागतो? पण चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर, बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात भाजी आणायची, व्यापारी फोनवर फोन करताहेत. अशा वेळी गाडीवाला पिना मोजत बसत नाही. तो पैसे देऊन माणूस आणतो ते त्याच कामासाठी. आणि घाई बघूनच भाव लावला जातो, हेही खरं.

दुसरी खूण याहून मोठी होती. कॉमन रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा कोड कोरलेला असतो. नवा ईसीएम टाकला की चारही कोड वाचून त्यात लिहावे लागतात, नाहीतर गाडी मिसिंग करते, धूर काढते, आयडलला थरथरते. शिवाय चेसिस नंबर टाकायचा, इमोबिलायझर असेल तर चाव्या जुळवायच्या. आमच्या इंजिनवरचं कव्हरसुद्धा त्याने काढलं नाही. कोड बघितलेच नाहीत, आणि तरी इंजिन घड्याळासारखं चाललं. ५,५०० रुपयांचं प्रोग्रॅमिंग केलं म्हणतो, मग कोड आले कुठून? आधीपासून आतच होते, कारण ईसीएम तोच होता. रंगाचा एक हात मारलेला, वर नवीन स्टिकर.

आणि ४,००० रुपयांची सूट का दिली ते आता कळतं. एक्स्चेंज म्हटलं की जुना भाग परत मागायचा प्रश्नच उरत नाही. दोन ईसीएम शेजारी शेजारी ठेवून दाखवायची वेळ त्याच्यावर येऊ नये, एवढ्यासाठीच ती सूट. जुना भाग ताब्यात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. एक्स्चेंज नको, भंगारात टाकू पण आमचा आम्हाला द्या, असं सरळ सांगा.

गाडी काही दिवस चालली याचंही कारण आहे. ईसीएम काढताना कपलर निघतो, अर्थची वायर हलते, गंज खरवडला जातो आणि कनेक्शन तात्पुरतं जुळतं. पुन्हा जोराचा पाऊस, पुन्हा तेच. त्याला फोन केला तर म्हणे, इलेक्ट्रिकल पार्टला गॅरंटी नसते.

मग डिचोलीच्या एका इलेक्ट्रिशियनने गाडी बघितली. मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल तार ईसीएमच्या अर्थच्या पिनवर मागून टोचली आणि सेल्फ मारायला लावला. ०.१, फार तर ०.२ व्होल्ट चालतात. इथे आले २.८. बॅटरीच्या ट्रेखाली अर्थिंगचं थिंबल हिरवं पडलं होतं. वायरचं प्लॅस्टिक बोटभर सोललं तर आतली तांब्याची तार काळी, हात लावताच भुगा होणारी. गोव्याच्या खाऱ्या हवेत, त्यात पाटीतून (मागच्या हौद्यातून) मासळीचं पाणी गळत असेल तर, हे होणारच. तार चांगली लागेपर्यंत मागे कापली, नवीन थिंबल क्रिम्प करून सोल्डर केलं, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, बोल्ट आवळून वर ग्रीस. ४५० रुपये, मजुरीसकट.

सप्लायची वायर तपासतानाही नुसता मीटर लावू नका. नऊ धागे तुटून एकच उरलेली वायरसुद्धा मीटरवर १२.४ दाखवते. २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब लावून बघा. तो झगझगीत पेटला तर वायर चांगली, मिणमिणला तर तिथेच दोष आहे. ५ व्होल्टची सेन्सर लाईनही बघा. एखाद्या सेन्सरची वायर घासून अर्थला लागली की ती ५ व्होल्टची लाईन बसते, आणि ईसीएम गेल्यासारखंच वाटतं. अशा गाडीत नवा ईसीएम टाकला तरी दोष जागच्या जागी राहतो.

आता पुरावा. आधी इंजेक्टरचं काम केलं होतं तेव्हाचा स्कॅन रिपोर्ट फाईलमध्ये होता. त्यावर ईसीएमचा सिरियल नंबर छापलेला. डिचोलीत पुन्हा रिपोर्ट काढला, ‘नवीन’ ईसीएमचा सिरियल नंबर अक्षर न् अक्षर तोच. हीटरने स्टिकर गरम करून सोललं, तर खाली जुनं स्टिकर, अर्धं खरवडलेलं. म्हणून सांगतो, काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर स्कॅनरमधलं ईसीएम आयडेंटिफिकेशनचं पान छापून किंवा फोटो काढून घ्या: पार्ट नंबर, सॉफ्टवेअर नंबर, सिरियल नंबर, चेसिस नंबर. स्टिकर कुणीही छापतो. आतला सिरियल नंबर बदलण्याच्या भानगडीत असले लोक सहसा पडत नाहीत.

हे सगळं घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. तिथे ऐकवलं, “ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” दिवाणी कशी? जुनी वस्तू नवी म्हणून विकून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणूक आहे. दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले, कुणी हातात धरले नाहीत. अर्ज घ्या आणि पोच द्या म्हटलं तर साहेब बाहेर आहेत. वाहतुकीच्या कार्यालयात गेलो, तर गॅरेज आमच्याखाली येत नाही म्हणे. कराच्या कार्यालयात म्हणाले, बिलच नाही तर आम्ही काय करणार? अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! सामान्य गाडीवाल्याने एक दिवस गाडी उभी केली तर दिवसाचं भाडं बुडतं, आणि या कचेऱ्या त्याला एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवतात. तो माणूस मात्र त्याच जागी, त्याच बोर्डाखाली, पुढच्या गाडीला तेच सांगतोय. तक्रार कुठेच नोंदली जात नाही हे त्याला आपल्या आधी कळलेलं असतं.

स्टेशनने नाकारलं तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)प्रमाणे. आम्ही पाठवली आहे. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे रोख देऊ नका. आमचे ४६,००० यूपीआयने गेले म्हणून नोंद आहे, बाकीच्या ९,५०० रुपयांना वहीतल्या त्या पानाशिवाय पुरावा नाही.

आणखी एक, कारण पाटी, जाळी, बंपर सगळे वेल्ड करून घेतात: वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, शक्य असेल तर ईसीएमचा कपलरही. वेल्डरचा अर्थ कामाच्या जागेजवळच लावायला सांगा. ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप घेऊ नका. आल्टरनेटर १५च्या वर चार्ज करत असेल तर गाडी पुढे नेऊ नका. यात ईसीएम खरोखर जळतो, आणि मग नवा लागतोच.

कुणाच्या गाडीत असाच एक्स्चेंजवाला ‘नवीन’ ईसीएम बसवला असेल, तर जुना सर्व्हिस रिपोर्ट शोधा आणि आजच सिरियल नंबर ताडून बघा. जुळला तर दोन्ही कागदांच्या तीन-तीन प्रती काढा: एक अधीक्षकांना, एक आयोगाला, एक स्वतःकडे.