दोन बारकी पुस्तकं: एक सीचं, एक कॅल्क्युलसचं

आपल्या इकडं पोट्ट्यानं सी (कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहाची भाषा) शिकाचं म्हटलं की तालुक्याचा दुकानदार विटेएवढं गाईड काढून देते, अन् त्यात निम्मे मागच्या पेपरचे प्रश्न. त्याच्यापेक्षा कर्निघन अन् रिचीचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' घ्या. पहिलं आलं १९७८ ले, पण घ्याची ती १९८८ ची दुसरी आवृत्ती, तीनशे पानंही नाहीत. रिचीनंच सी बनवली, म्हणून पाल्हाळ नाही. सुरवातीलेच फॅरनहाइटचं सेल्सियस कराचा प्रोग्राम आहे (आपल्या मे महिन्यातले ४५ म्हणजे ११३ बरं का) अन् तिथंच समजते की सूत्रातल्या ५ ले आधी ९ नं भागलं तं पूर्णांकात शून्य येते, म्हणून गुणाकार आधी.

पाचव्या चॅप्टरात पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल, तिथं घाई नका करू. स्ट्रिंग (अक्षरायची ओळ) कॉपी कराचं फंक्शन आधी ॲरेनं (ओळीनं लावलेले डब्बे) लिहिलं, मंग पॉइंटरनं, अन् कमी करत करत सगळं काम व्हाइल लूपच्या एका ओळीत आणलं, मी तं ते कागदावर डब्बे काढून काढूनच वाचलं, तवा डोक्यात बसलं.

पण राजेहो, लूप (तेच काम परत परत कराची सोय) म्हणजे काय हेच माहीत नसन तं हे पहिलं पुस्तक नाही. स्वाध्यायाची उत्तरं दिली नाहीत. अन् मोबाईलवर टर्मक्स नावाच्या ॲपमधी चालवाचं असन तं मेन या मुख्य फंक्शनच्या आधी इंट (int) लिहा, नाहीतं नवा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) अडून बसते.

दुसरं सिल्व्हेनस थॉम्पसनचं 'कॅल्क्युलस मेड ईझी', म्हणजे कलन गणिताचं, १९१० चं, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकायच्या वेबसाइटवर फुकट. मले हे जास्त आवडलं. डीएक्स म्हणजे एक्सचा बारीकसा तुकडा अन् इंटिग्रल म्हणजे तुकड्यायची बेरीज, एवढ्यावरच गडी सुरू होते. ई (e, साधारण २.७१८) हा आकडा तं चक्क व्याजातून काढला: १०० पौंड, १० टक्के, १० वर्षं. सरळ व्याजानं २००, वर्षाच्या चक्रवाढीनं २५९ च्या वर, अन् व्याज क्षणाक्षणाले मुद्दलात टाकलं तरी २७१.८३ च्या पुढं जात नाही. पीककर्जाचा हिशोब पाहत मोठं झालेल्या पोराले हे लवकर समजते.

इंग्रजी जुनं आहे, शिलिंग-पेन्सनं (इंग्रजायचे जुने पैसे) डोकं खाते, पण उत्तरं मागं आहेत. सीईटीले एवढ्यानं भागणार नाही, लिमिट दुसरीकडून करा. छापीलच पाहिजे तं मार्टिन गार्डनरनं सुधारलेली १९९८ ची घ्या, तिच्यात लिमिटचा वेगळा चॅप्टर जोडला आहे.