ॲक्युबॅटरी ॲप: बॅटरीची काळजी असेल तर टाकाच

अँड्रॉइडवाल्यांसाठी लिहितोय. प्ले स्टोअरवर बॅटरी वाढवतो म्हणणारी ढीगभर ॲप्स आहेत, हे त्यातलं नाही, हे फक्त मोजतं आणि सांगतं. चार्जिंगला लावलं की किती एमएएच (बॅटरीत मावणाऱ्या चार्जचं माप) आत गेले ते बघून बॅटरीची आत्ताची खरी कपॅसिटी काढतं आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून हेल्थ टक्क्यात दाखवतं. सुरुवातीचा आकडा मनावर घेऊ नका, थोडे दिवस वापरलं की मग स्थिर होतो.

मला सगळ्यात आवडला तो ८० टक्क्यांचा अलार्म. लिथियम आयन बॅटरी फुल झाली की सेल साधारण ४.२ व्होल्टला असतो, हल्लीच्या फोनमधे तर त्याच्याही वर, आणि तिथे जितका जास्त वेळ राहील तितकी झीज, त्यामुळे रात्रभर १०० वर लटकवून ठेवणं वाईटच. प्रत्येक चार्जिंगला किती झीज झाली ते पण दिसतं, ८० ला काढलं की तो आकडा एवढा कमी येतो की घरात सगळ्यांना पटलं. आणि पूर्ण उतरवून मगच लावायचं हे जुन्या निकेल कॅडमियम बॅटऱ्यांचं हो, लिथियमला उलट त्रास होतो.

तापमान दाखवतं हे आमच्या अकोल्यात तर लाखमोलाचं, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. ४० अंशात फुल चार्ज बॅटरी वर्षभर पडून राहिली तर साधारण ३५ टक्के कपॅसिटी जाते, तीच ४० टक्के चार्जवर ठेवली तर १५ च्या आसपास, म्हणजे ऊन आणि फुल चार्ज एकत्र आले की खेळ खलास. उन्हाळ्यात कव्हर काढून चार्ज करा, गादीवर नको, आणि चार्जिंगला असताना पोरांना गेम तर अजिबात नको.

कमी काय, तर चार्जिंग स्वतः बंद करू शकत नाही, नुसतं वाजतं, झोपलात तर उपयोग शून्य. फोनच्या सेटिंगमधेच ८० ची लिमिट असेल तर ती लावा आणि हे मोजायला ठेवा. फ्रीमधे जाहिराती आहेत, जुनी हिस्ट्री बघायला पैसे पडतात, मला ते रास्त वाटतात. सेकंड हँड फोन घेतलात तर पहिल्याच आठवड्यात टाकून हेल्थ बघा, ७० च्या खाली दिसली तर परत करता येतो का विचारा, नाहीतर नवीन बॅटरीचे पैसे बाजूला काढून ठेवा.