थरांचा डबा की कापडी बेड: घरच्या गांडूळ खताचा उन्हाळा-पावसाळ्यानंतरचा अनुभव

पुण्यातल्या आमच्या घरी गॅलरीत ठेवलेला तीन थरांचा तयार प्लास्टिकचा डबा आणि मागच्या अंगणात आंब्याच्या सावलीत उभारलेला १२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच असा एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या विणलेल्या) कापडाचा बेड, ही गांडूळ खताची दोन साधने गेल्या हिवाळ्यापासून एकाच वेळी वापरात आहेत. पावसाळा सरेपर्यंत त्यांच्याविषयी मत बनवायचे नाही असे ठरवले होते, कारण डिसेंबरात कोणताही डबा चांगलाच चालतो आणि त्याचा कस लागतो तो एप्रिलमध्ये.

दोन्हींत गांडुळे एकाच जातीची, म्हणजे आयसेनिया फेटिडा, सोडली आहेत. पावसात शेताच्या बांधावर दिसणारी गांडुळे जमिनीत खोल राहून माती खाणारी असतात, त्यामुळे ती गोळा करून डब्यात सोडण्यात अर्थ नाही. खतासाठी कुजत्या पाल्यापाचोळ्यात वरच्या थरात राहणारीच जात लागते. कल्चर, म्हणजे सुरुवातीला सोडायची गांडुळे, विकत घेताना मात्र सांगितलेले वजन निव्वळ गांडुळांचे की शेणासकटचे हे आधी विचारून घ्यावे. आम्हाला मिळालेल्या पिशवीत बहुतांशी शेणच होते आणि तेही पुरते मुरलेले नव्हते. ताजे शेण कुजताना तापते व त्या उष्णतेने गांडुळे मरतात, म्हणून पंधरा-वीस दिवस पसरून, पाणी मारून थंड केलेले शेणच आम्ही बेडमध्ये भरतो.

प्लास्टिकच्या डब्याबद्दलची माझी मुख्य तक्रार ओलाव्याची आहे. गांडुळांना साधारण ६० ते ७० टक्के ओलावा मानवतो. मूठभर माल घेऊन घट्ट आवळला की बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये, इतका तो असावा. भाजीची देठे, साली आणि चहाचा चोथा यांत मुळातच भरपूर पाणी असते आणि प्लास्टिकच्या भिंतींतून ते बाहेर पडायला वाव नसतो, त्यामुळे ओल्या कचऱ्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, सुका पालापाचोळा आणि बारीक फाडलेला तपकिरी पुठ्ठा घातल्याशिवाय खालचा थर चिकट होऊन आंबूस वास येऊ लागतो. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात पुठ्ठ्याचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, पण माझ्या मते तीच ओळ सर्वांत मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती.

याच डब्याच्या तळाला तोटी आहे आणि तिच्यातून येणारे काळे पाणी ‘व्हर्मीवॉश’ म्हणून झाडांना घालावे, असे सांगितले जाते. हे मला अजिबात पटत नाही. तयार खत व जिवंत गांडुळे यांच्यातून स्वच्छ पाणी हळूहळू झिरपवून जे मिळते ते व्हर्मीवॉश. अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचा निचरा म्हणजे व्हर्मीवॉश नव्हे. त्या निचऱ्याला घाण वास येत असेल, तर त्यात हवेविना झालेल्या कुजण्याचे पदार्थ आहेत असे समजून तो कुंडीत ओतू नये. बेडच्या कोपऱ्यातून मिळणारे बिनवासाचे, चहाच्या रंगाचे पाणी मात्र आम्ही दहापट पाण्यात मिसळून सकाळी फवारतो.

एप्रिलमध्ये दुपारचे तापमान चाळिशीच्या आसपास गेले, तेव्हा दोन साधनांतला फरक उघड झाला. आयसेनियाला पस्तिशीच्या पुढची उष्णता सोसत नाही. डब्यात माल थोडा, त्यामुळे तो झपाट्याने तापे आणि गांडुळे सगळ्यांत खालच्या थरात एकमेकांत गुंतून गोळा होऊन बसत. डबा उत्तरेच्या भिंतीला हलवून त्याच्यावर दिवसातून दोनदा ओले गोणपाट टाकावे लागले. बेडमध्ये माल भरपूर असल्याने आणि वर झावळ्या व गोणपाट असल्याने हात कोपरापर्यंत घातला की आत गारवा लागे. त्याच दिवसांत बेडच्या ओल्या भागात मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे, पिवळसर तपकिरी कोष मुबलक सापडत होते. एकेका कोषातून बहुधा दोन-तीन पिल्ले निघतात, म्हणून माल चाळताना कोष खताबरोबर जाऊ न देता पुन्हा बेडमध्ये टाकणे फार महत्त्वाचे आहे.

पावसाळ्यात बेडवर छप्पर हवेच, कारण पाणी साचले की गांडुळे रात्रीत बाहेर पडतात. मुंग्यांसाठी डब्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि बेडभोवती छोटा चर खणून त्यात पाणी राखले, एवढे पुरले.

खत काढण्याआधी चार-पाच दिवस पाणी बंद ठेवून मालाचे उजेडात ढीग करतो. गांडुळे प्रकाश टाळून तळाशी जातात आणि वरचे काळे, रवाळ खत हाताने ओढून घेता येते. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळ खताचा किमान ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे आणि ओलावा १५ ते २५ टक्के असावा. चिखलासारख्या ओल्या पिशव्या विकत घेणारा माणूस बऱ्याच अंशी पाण्याचेच पैसे मोजतो, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

या खतात नत्र साधारण एक-दीड टक्काच असते, तेव्हा रासायनिक खतासारखी झटपट वाढ त्याच्याकडून अपेक्षू नये. कुंडीच्या आणि वाफ्याच्या मातीत पाचवा हिस्सा खत मिसळल्यावर आम्हाला जाणवलेला बदल मातीच्या पोताचा आहे: अंगणातली काळी माती पूर्वी वाळली की भेगाळून ढेकळे होई आणि पाणी वरूनच वाहून जाई, तीच आता हाताने सुटी होते व पाणी मुरवून घेते. कढीपत्ता आणि टोमॅटोच्या वाफ्यात हे सर्वांत स्पष्ट दिसले.

जागा असेल तर बेडच घ्यावा, तोही निचऱ्याचा कोपरा आणि हवेसाठी जाळीच्या खिडक्या असलेला. फक्त गॅलरीच असेल तर पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू मिळत असल्यासच थरांचा डबा घ्यावा, आणि त्याच्याबरोबर सुक्या पानांचे एक पोतेही घरी आणून ठेवावे.