स्मार्ट सिटी : रीलमधली आणि ग्रुपवरची

पुण्याची स्मार्ट सिटी मला दोन ठिकाणी भेटते: इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दोन्हीकडचं शहर एकच, यावर विश्वास बसत नाही.

रीलमध्ये औंधचा रुंद फुटपाथ, ड्रोनमधून, तिरप्या उन्हात. हॉर्न नाही, वर गाणं. खोटं काही नसतं हो, फुटपाथ खरंच चांगला आहे. पण केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी मिशनच्या जानेवारी २०१६च्या पहिल्या यादीत पुणं दुसरं आलं, तेव्हा क्षेत्रविकासासाठी, म्हणजे शहरातला एकच भाग घेऊन तो सुधारण्यासाठी, निवडला होता औंध-बाणेर-बालेवाडीचा पट्टा. तीस सेकंदांत तो तुकडाच अख्खं पुणं होऊन बसतो. धायरीतला माणूस मग कमेंटमध्ये विचारतो, "हे कुठलं पुणं?"

ग्रुपवर उलटं. पहिला पाऊस पडला की खड्ड्याचा फोटो आणि खाली ठरलेलं वाक्य : 'हीच का स्मार्ट सिटी?' मागच्या जूनमध्ये गुडघाभर पाण्याचा व्हिडिओ आला. मीही तो चार जणांना पाठवला. मग एका काकांनी कोपऱ्यातल्या रिक्षाची नंबरप्लेट मोठी करून दाखवली. गाडी गुजरातची! ग्रुप तासभर गप्प.

तरी मी ग्रुपलाच झुकतं माप देईन. तिथे 'कुठली गल्ली, कधीचा फोटो?' असं विचारता येतं आणि कुणीतरी उत्तर देतं. रीलखाली नुसते बदाम.

मिशनची मुदत मार्च २०२५ अखेर संपली. ही बातमी मात्र मला ना रीलमध्ये दिसली, ना ग्रुपवर.