हेडचे काम, पूर्ण इंजिन की दुसरे इंजिन?

कच्च्या रस्त्यांवर, चिखलात आणि चढांवर राबलेल्या गाडीचे इंजिन किती झिजले आहे, हे केवळ किलोमीटरच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. अशी गाडी तासन् तास खालच्या गिअरमध्ये चालते, त्यामुळे अंतर थोडे पडते आणि इंजिनाचे फेरे मात्र कितीतरी अधिक होतात. शिवाय एअर फिल्टरच्या सैल जोडातून आत गेलेली धूळ पिस्टनवरच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखी घासत राहते. म्हणून घरी काम करायला बसण्यापूर्वी मोजमाप करावे. पेट्रोल इंजिन गरम असताना सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासावे. सिलिंडरांमध्ये सुमारे १५ टक्क्यांहून अधिक फरक आढळल्यास कमी दाब दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वर गेला तर दोष रिंग किंवा बोअरमध्ये आहे. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, याच्या खालचे सील) संशयास्पद ठरते.

दोष वरच्या भागातच असेल, तर फक्त हेड उतरवणे हा घरच्या कारागिरासाठी सर्वांत झेपणारा पर्याय आहे. व्हॉल्व्ह घासून बसवणे आणि सील बदलणे घरी जमते, पण हेड वाकले असेल तर त्याचे फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे) मशीनवरच करावे लागते. ताणून बसवायच्या प्रकारचे हेड बोल्ट पुन्हा वापरणे ही खोटी काटकसर होय.

बोअर झिजला असेल, तर पूर्ण इंजिन खोलणे अटळ आहे. झीज सर्वाधिक असते ती वरच्या रिंगच्या जागी. तेथे आणि तळाशी, दोन्ही दिशांनी बोअर गेजने मोजले की वर-खालच्या मापातला फरक आणि लंबगोलपणा दोन्ही कळतात. झीज मर्यादेत असल्यास होनिंग (बोअर हलके घासून घेणे) आणि नव्या रिंगा पुरतात. मर्यादा ओलांडली असल्यास ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन घेऊन बोअर वाढवून आणावा लागतो, किंवा लाइनर (सिलिंडरमधील बदलता येणाऱ्या नळ्या) बदलावे लागतात. या मार्गात वेळ फार जातो, परंतु आत काय आहे हे तुम्हाला नेमके माहीत असते.

वापरलेले दुसरे इंजिन बसवणे झटपट वाटते, आणि गाडी रोजच्या कामाची असेल तर तेच व्यवहार्य ठरू शकते. मात्र त्याचा पूर्वेतिहास विकणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून असतो. बसवण्यापूर्वी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, ऑइल पॅन उतरवून धातूचे कण पाहावेत आणि इंजिन बाहेर असतानाच मागचे ऑइल सील, टायमिंग बेल्ट व क्लच उरकून घ्यावे. अनेकदा खरी डोकेदुखी वायरिंग आणि माउंटिंग जुळवताना सुरू होते.

ताकद वाढवण्याच्या मोहाबाबत मी कडक आहे. झिजलेल्या डिझेल इंजिनावर टर्बोचा दाब वाढवला, तर सिलिंडरमधील दाब आणि एक्झॉस्टचे तापमान दोन्ही वाढतात, आणि आधीच थकलेले पिस्टन व गॅस्केट त्याची किंमत मोजतात. मोठे टायर लावल्यामुळे गाडी मंद वाटत असेल, तर इंजिनापेक्षा डिफरेन्शियलचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचे) गिअर प्रमाण बदलणे अधिक उपयोगी पडते. रेडिएटर मात्र आधीच उत्तम स्थितीत हवा. स्नॉर्केल (इंजिनासाठी हवा उंचावरून घेणारी नळी) बसवल्यावरही प्रत्येक सफरीनंतर फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडील पाइपातून पांढरे कापड फिरवून पाहावे. त्यावर धूळ लागली, तर नव्या रिंगांचे आयुष्य तेथूनच झिजू लागले आहे.